लेथ, ड्राइव्ह आणि सासूबाईंचा सोऱ्या

गॅरेजमध्ये लेथ आला त्या दिवशी आमच्या दोन्ही गाड्या कायमच्या बाहेर गेल्या. नवऱ्याने एवढंच विचारलं, "बर्फ पडला की काचा कोण खरवडणार?"

"मी माझी, तू तुझी," मी म्हटलं. विषय संपला.

लेथ पेनसिल्व्हेनियातल्या एका घराच्या बेसमेंटमधून आला. घराचे मालक फार म्हातारे झाले होते आणि त्यांची मुलगी घर रिकामं करत होती. तिची एकच अट होती, की घेणाऱ्याने तो चालवावा. कुणाच्या अंगणात कुंड्या ठेवायला तिला तो द्यायचा नव्हता. मी तिला सांगितलं, की माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, सांगलीचा. मिरजेच्या एमआयडीसीत वर्षभर लेथवर उभी राहून शिकाऊ काम केलेलं आहे. त्यानंतर मात्र आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलं. तिला यातलं सांगली आणि मिरज काही कळलं नसावं, पण मी चकच्या, म्हणजे काम पकडायच्या फिरत्या पकडीच्या, चाव्या कुठे आहेत असं विचारल्यावर तिची खात्री पटली.

धातू फिरवत ठेवून कापायचं बिडाचं मशीन, वयाने माझ्याहून मोठं. बेडवर जुन्या तेलाचा काळपट थर होता, पण खाली गंज नव्हता. माल आणायला ट्रेलर, उचलायला भाड्याची छोटी क्रेन, खाली सरकवायला पाइपचे तुकडे, वाटेत लागतील म्हणून पट्टे आणि फळ्या, असं सगळं मी आधी लिहून काढलं होतं. अशा कामात आयत्या वेळी दुकानात पळणारा माणूस मला आवडत नाही.

हौस होतीच, पण तेवढ्यावर मी गॅरेज अडवलं नसतं. खरं कारण होतं सासूबाईंचं मनगट.

सासूबाई कित्येक वर्षं आमच्याकडेच राहतात. दोन हिवाळ्यांपूर्वी ड्राइव्हवेवरच्या बर्फावर त्या घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाड एक्स-रेमध्ये व्यवस्थित जुळलं. डॉक्टर खूश झाले. मनगट पुढे-मागे होत होतं, पण पिळायची ताकद काही परत आली नाही. बरणीचं झाकण, ओल्या फडक्याचा पिळा, किल्लीने उघडायचं कडक कुलूप, हे सगळं बंद झालं. आधी त्या म्हणाल्या, "हे झाकण तेवढं काढून दे." मग म्हणाल्या, "नारळ तूच फोड." मग पोळ्या गेल्या. ऑफिसात माझं काम लोकांची कामं वाटून देण्याचं आहे. एखाद्याच्या हातातलं काम तात्पुरतं दुसऱ्याकडे गेलं, की ते परत येत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. घरात तेच चाललेलं मला दिसत होतं.

आणि मग चकल्यांची पाळी आली.

आमच्या ओळखीची पाच-सहा मराठी घरं दिवाळीत फराळ वाटून करतात. कुणी करंज्या करतं, कुणी चिवडा, आणि चकल्या नेहमी सासूबाईंच्या. त्यांची भाजणी, त्यांचं मोहन, त्यांचा पितळी सोऱ्या. हा सोऱ्या त्या पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेला. भांडं डाव्या हातात घट्ट धरायचं आणि वरचा छोटासा कान उजव्या हाताने पिळायचा. म्हणजे त्यांना जी एक हालचाल जमत नव्हती, नेमकी तीच.

मोडल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत सोऱ्या नवऱ्याने फिरवला आणि त्या शेजारी उभं राहून सूचना देत होत्या. त्याने गाडीच्या चाकाचे नट आवळावेत तसा जोर लावला. चकल्या झाल्या; दिसायला जिलब्यांच्या जवळ जाणाऱ्या. सासूबाईंनी नाव ठेवलं नाही, आणि त्यावरूनच मला कळायला हवं होतं. नंतर त्यांनी फराळवाल्या घरांतल्या एका मैत्रिणीला फोन केला तेव्हा मी जिन्यावर कपडे घेऊन उभी होते.

"पुढच्या वर्षी चकल्या ओक ट्री रोडच्या देशी दुकानातून विकतच्या आणा गं," त्या म्हणाल्या. "माझं झालं आता."

"माझं झालं आता" हे वाक्य मला पटलं नाही. म्हणून मी सोऱ्याकडे यंत्र म्हणून बघायला लागले.

यंत्र म्हणून त्यात तीनच दोष होते. भांडं हाताने धरावं लागतं. ते टेबलाला पक्कं करता येईल. कान आखूड आहे; त्याऐवजी लांब दांडा लावता येईल. आणि स्क्रूचे आटे फार मोठे आहेत. बारीक आटे असले तर फेरे जास्त लागतील, पण प्रत्येक फेऱ्याला जोर कमी लागेल. पहिल्या दोन गोष्टी लाकूड आणि पट्टी वापरून कुणालाही करता येतात. तिसरीसाठी नवा स्क्रू लागतो आणि स्क्रूला लेथ लागतो.

बाजारात मिळणारं सगळं आधी आणून झालं होतं. ओक ट्री रोडवरचे स्टीलचे सोऱ्ये आणले. कान तेवढाच आखूड. नवऱ्याने बॅटरीवर चालणारा एक मागवला. सासूबाईंनी तो हातात घेऊन घोडा दाबला, त्याने घर्रर्र केलं, आणि त्यांनी तो ओट्यावर ठेवून दिला.

"भिंतीला भोकं पाडायची असतील तेव्हा सांग," त्या म्हणाल्या.

तर लेथ आला. आता तो चालवायचा कसा, हा प्रश्न.

जुन्या कारखान्यातला लेथ असल्यामुळे त्याची मोटर थ्री-फेज होती. इथे अमेरिकेत घरांत सिंगल-फेज वीज येते. सॉकेटमध्ये एकशे वीस व्होल्ट आणि कपडे वाळवायच्या मशीनसारख्या मोठ्या यंत्राला त्याच्या दुप्पट. थ्री-फेज मोटरला या विजेवर थेट चालवता येत नाही. मोटर बदलून टाका असं पुष्कळजण सांगतात. पण मधला एक मार्ग आहे: व्हीएफडी, म्हणजे बोलीत नुसता ड्राइव्ह. बुटाच्या खोक्याएवढा डबा असतो. एका बाजूने घरातली वीज घेतो, दुसऱ्या बाजूने मोटरला थ्री-फेज बनवून देतो. शिवाय वर एक बटण फिरवलं की मोटरचा वेग पाहिजे तसा कमी-जास्त. आटे पाडताना टूल, म्हणजे कापणारं हत्यार, सावकाश चालवावं लागतं आणि शेवटी नेमक्या जागी थांबवावं लागतं, म्हणून मला तर हे वरदानच वाटलं.

लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने गॅरेजमध्ये वेगळी लाइन आणि सॉकेट बसवून दिलं. पुढची जोडणी मी केली. लेथला पूर्वीचा एक दांडा होता, सुलट-बंद-उलट असा. पूर्वी मोटरची सगळी वीज त्या दांड्यातून जायची. ड्राइव्ह बसवल्यावर तसं करायचं नसतं. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काही उघड-बंद केलं की ड्राइव्ह जळायची भीती. म्हणून दांडा तसाच ठेवला, पण त्याच्या तारा ड्राइव्हच्या सूचनेच्या बाजूला लावल्या. दांडा आता वीज तोडत नाही, ड्राइव्हला फक्त सांगतो. हाताला मात्र जुनंच वाटतं.

आणखी एक गोष्ट सांभाळली. या लेथचा चक स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या आसावर, आट्यांनी बसतो. ड्राइव्हने एकदम ब्रेक लावला किंवा जोरात उलटं फिरवलं तर जड चक स्वतःच्या वेगाने सुटून अंगावर येऊ शकतो. म्हणून थांबायची वेळ मी मुद्दाम जास्त ठेवली. ड्राइव्हमध्ये मोटरची माहिती भरताना फ्रिक्वेन्सीच्या जागी माझी बोटं सवयीने भारतातले पन्नास लिहून गेली. लगेच लक्षात आलं, इथे साठ. खोडून साठ केलं. हे वेळेत पकडल्याचं मला मोठं समाधान वाटलं, आणि त्याच समाधानात पुढची चूक झाली.

मोटरच्या मागच्या डबीत नऊ वायरी होत्या. अशा मोटरी दोन व्होल्टेजवर चालतात. वायरी एका पद्धतीने जोडल्या की दोनशे वीस, दुसऱ्या पद्धतीने जोडल्या की चारशे चाळीस. दोन्ही आकृत्या मोटरच्या पट्टीवर कोरलेल्या होत्या. त्या रविवारी नवऱ्याचे दोन मित्र जेवायला आले होते. एक नागपूरचे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर; एक पुण्याचे, इन्स्ट्रुमेंटेशन. नवरा स्वतः इलेक्ट्रॉनिक्सवाला. जेवण झाल्यावर चौघांची डोकी त्या डबीत.

"आत्ता कशावर जोडलंय?" नवऱ्याने विचारलं.

मी आकृतीशी ताडून पाहिलं. "चारशे चाळीसवर."

"मग बरोबर आहे की, वहिनी," नागपूरचे म्हणाले. "थ्री-फेज म्हणजे चारशे चाळीस. आमच्याकडे पोट्टं सांगन."

"चारशे पंधरा," पुण्याचे म्हणाले.

"काय चारशे पंधरा?"

"बोलायला चारशे चाळीस. मोजायला गेलात तर चारशे पंधरा."

"अबे, बोर्डावर काय लिहिलेलं असते? लाल कवटी, दोन हाडकं, आणि खाली?"

"बोर्ड घाबरवायला असतो. मीटर मोजायला असतो."

यावर दोघांचं बराच वेळ चाललं. आम्ही चौघंही त्याच पाट्या बघत वाढलेले. सांगलीत डीपीवर, नागपुरात पिठाच्या गिरणीवर, पुण्यात सोसायटीच्या मीटरखोलीवर, सगळीकडे तीच कवटी आणि तोच आकडा. थ्री-फेज आणि चारशे चाळीस हे आमच्या डोक्यात दोन वेगळे विषय नव्हतेच. चारशे चाळीस की चारशे पंधरा, याचा निकाल लागला नाही, पण दोनशे वीस कुणाच्या तोंडी आलं नाही. मी डबीचं झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले.

ड्राइव्हने एकदा मला सुचवलं होतं. मोटरचं व्होल्टेज भरताना मी चारशे चाळीस टाकायला गेले तर आकडा दोनशे तीसच्या वर सरकेचना. मी म्हटलं, आत येणाऱ्या विजेबद्दल विचारत असेल. पुढे गेले.

दांडा ओढला आणि लेथ फिरायला लागला. आवाज जवळजवळ नाहीच. एक बारीक शीळ फक्त. बटण फिरवलं तसा चक सावकाश, मग भराभर. नवऱ्याने व्हिडिओ काढून मुलीला पाठवला. ती दुसऱ्या राज्यात कॉलेजला असते. तिचं उत्तर लगेच आलं: "वाव, आई! बट व्हॉट इज इट फॉर?"

"आजीच्या चकल्यांसाठी," असं मी मराठीतून लिहिलं. त्यावर तिने डोकं फुटणारा चेहरा पाठवला.

मग मी लोखंडाचा एक तुकडा चकमध्ये धरला आणि टूल लावलं. पहिला सूतभर काप घेतला आणि लेथ हळू झाला, कण्हला, थांबला. टूल मागे घेतलं तर पुन्हा फिरायला लागला. पुन्हा लावलं, पुन्हा थांबला.

मित्रांनी निघता निघता कारणं सांगितली. नवऱ्याने आणखी काही सांगितली. मी ती लिहून घेतली आणि पुढच्या आठवड्यात एकेक तपासत गेले. पट्टा सैल असेल: आवळला, खडूने खूण करून पाहिलं, पट्टा घसरत नव्हता, मोटरच बसत होती. टूल बोथट असेल: नवं धार लावलेलं लावलं. बेअरिंग जाम असतील: पट्टा काढून हाताने फिरवलं, लोण्यासारखं. वेग कमी म्हणून ताकद कमी असेल: बटण पूर्ण वर नेऊन गिअर हळूवर टाकला. थोडा फरक पडला, पण जरा खोल काप घेतला की तेच. मला तर स्टेनलेसवर आटे पाडायचे होते. हा लेथ साबण कापायच्या लायकीचा नव्हता.

"ड्राइव्हच खराब निघालाय," नवरा म्हणाला. "परत पाठव."

परत पाठवणं, बदलून येणं, पुन्हा जोडणं हे सगळं मी कॅलेंडरवर मांडून बघितलं. दिवाळीच्या आधी बसत नव्हतं. त्याच आठवड्यात सासूबाईंनी फळीवरची पितळी सोऱ्याची पिशवी काढली, सोऱ्या चिंचेने लख्ख घासला, आणि मला म्हणाल्या, "हा तुझ्या लेकीसाठी ठेवून दे. शोकेसमध्ये छान दिसेल." त्यांच्या बोलण्यात दुःख वगैरे काही नव्हतं. जुनी बिलं फाइलला लावावीत तसं.

ड्राइव्ह परत करायचा फॉर्म मी भरून ठेवला, पाठवला मात्र नाही.

तेवढ्यात दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. इथे इतकी वर्षं आम्ही दोन लॅपटॉप आणि दोन्ही गाड्या पुजत होतो. यंदा सासूबाईंनी झेंडूचा एक हार जास्तीचा आणायला सांगितला आणि ताट घेऊन थेट गॅरेजमध्ये आल्या. लेथला हार घातला. हेडस्टॉकवर, म्हणजे चकमागच्या डोक्यावर, हळदकुंकू लावलं. मग चिमूट भरून ड्राइव्हकडे वळल्या.

"आई, त्या डब्याला नको," मी घाईने म्हटलं. "आत पंखा आहे. कुंकू ओढून घेईल."

"मग याला काय लावू?"

"बाहेरून नमस्कार करा."

त्यांनी लांबून नमस्कार केला. "चालत नाही तरी मान ठेवावा लागतो," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचं नाही का मी सगळं करते."

"मी ऐकतोय," नवरा मागून म्हणाला.

दसऱ्याला यंत्राला हात लावायचा नसतो, त्यामुळे तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी हार काढताना सासूबाई पुन्हा आल्या. झेंडूची फुलं मोजमापाच्या पट्ट्यांवर सांडली होती, ती त्यांनीच वेचली. मग म्हणाल्या, "दाखव तरी, काय करतंय ते."

मी दांडा ओढला. चक फिरला. टूल लावलं. लेथ कण्हला आणि थांबला.

सासूबाई हसायलाच लागल्या.

"काय झालं?"

"अगं, हे आपल्या त्या मिक्सरसारखं करतंय! आठवतो का? मी हौसेने पुण्याहून आणला होता तो. नुसता फिरायचा शहाण्यासारखा. खोबरं टाकलं की बसला."

मला तो मिक्सर चांगलाच आठवत होता. असा मिक्सर आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घराने एकदा तरी आणलेला आहे. तिथल्या दोनशे तीस व्होल्टचा मिक्सर, नुसता पिना बदलून इथल्या एकशे वीसच्या सॉकेटला लावायचा. रिकामा असेपर्यंत फिरतो. भांड्यात काही पडलं की जीव टाकतो. त्याच्यात काही बिघाड नसतो. त्याला हवी त्याच्या निम्मी वीज मिळत असते.

निम्मी. दोनशे वीस ही चारशे चाळीसची निम्मी.

ड्राइव्ह घरातली वीज घेऊन थ्री-फेज बनवतो, पण व्होल्टेज वाढवत नाही. आत दोनशे वीस-चाळीस आलं तर बाहेर तेवढंच जाणार. आणि मोटर चारशे चाळीसची वाट बघत बसलेली. आम्ही चौघांनी मिळून लेथचा पुण्याचा मिक्सर करून ठेवला होता.

"काय गं, अशी का बघतेस?" सासूबाईंनी विचारलं. "मी काही बोलले का?"

"आई, जरा मागे उभ्या राहा," मी म्हटलं.

मेन बंद केला. ड्राइव्हच्या आत वीज काही वेळ साठून राहते, म्हणून त्याचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबले आणि मीटर लावून खात्री केली. मोटरची डबी उघडली. नऊ वायरी सोडवून पट्टीवरच्या दुसऱ्या आकृतीप्रमाणे जोडल्या. ड्राइव्हमध्ये दोनशे तीस आकडा आणि त्याला साजेसा करंट भरला. झाकण लावलं. एकूण काम एका चहाच्या वेळातलं.

दांडा ओढला, टूल लावलं. लोखंडाची निळसर वळलेली चीप, म्हणजे कापलेली पातळ पट्टी, टूलवरून सुटत गेली आणि खालच्या ट्रेमध्ये गोळा व्हायला लागली. काप वाढवला. लेथला त्याचं काहीच वाटलं नाही.

"बघ, हळदकुंकू लागलं," सासूबाई म्हणाल्या आणि फुलांची पिशवी घेऊन आत गेल्या.

मी नवऱ्याच्या मित्रांच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. नागपूरच्यांनी लिहिलं, "वहिनी, हे कोणाला सांगू नका, माझी डिग्री परत घेतीन." पुण्याच्यांनी लिहिलं, "म्हणजे चारशे पंधराही नव्हतं तर."

मग स्क्रू. सांगायला सोपं, करायला वेळखाऊ. स्टेनलेसचा रॉड दोन्हीकडून धरायचा, मशीन सर्वांत हळू, टूल एका कापाला केसभर आत. प्रत्येक कापानंतर टूल मागे, दांडा उलट, सावकाश सुरुवातीला यायचं, पुन्हा सुलट. पहिला रॉड मी वाया घालवला. टूल मागे घ्यायला विसरले आणि शेवटच्या टोकाला आटे खरवडून निघाले. दुसरा जमला. पितळी सोऱ्याच्या झाकणात बसेल असा नट केला. पिठाला लागणारा दट्ट्या जुनाच ठेवला, पिठाच्या जवळ नवं काही जायला नको म्हणून. भांड्यासाठी लाकडी घोडी केली, ओट्याच्या कडेला क्लॅम्पने बसणारी, खाली ताट फिरेल एवढी जागा सोडून. वर लांब दांडा, टोकाला लाकडी मूठ.

ऑफिसमधून आल्यावरची संध्याकाळ आणि जेवण यांच्यामध्ये हे सगळं बसवलं. सासूबाई अधूनमधून डोकावत, आणि आपल्याला काही देणंघेणं नसल्यासारखं दाखवत.

"मोटरच लावून टाक ना याला," नवऱ्याने सुचवलं. "ड्राइव्ह आहेच. वेगसुद्धा कमी-जास्त करता येईल. आईने नुसतं बटण दाबायचं."

"नाही," मी म्हटलं.

"का पण?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बटण दाबायला तू आहेस ना!"

चकल्यांच्या दिवशी त्यांनी भाजणी स्वतः मोजून घेतली. उकड काढली, मोहन घातलं. मळायला मात्र मला लावलं, आणि त्यात त्यांचं समाधान झालं नाही. सोऱ्या भरून घोडीत बसवला. मी विचार करून ठेवला होता: दांडा डाव्या, चांगल्या हाताने फिरवायचा, उजव्या हाताने फक्त खालचं कागद घातलेलं ताट फिरवायचं. दुखऱ्या हाताला जोरच लागणार नाही. त्याप्रमाणे मी त्यांना समजावून सांगितलं आणि घोडी डाव्या हाताला सोयीची पडेल अशी लावून दिली.

त्यांनी डाव्या हाताने दांडा धरला. एक फेरा, दुसरा फेरा. पीठ चकतीतून बाहेर आलं, पण ताट काही त्यांच्या मनासारखं फिरेना. पहिली चकली तुटली. दुसरी पुरी झाली, पण उलट्या वळणाची.

"ही डावखुरी चकली," त्या म्हणाल्या. "ही मी कुणाच्या घरी पाठवणार नाही."

"तळल्यावर काय कळतंय?" नवरा म्हणाला.

"तुला नाही कळणार."

त्यांनी क्लॅम्प सैल करायला सांगितला. घोडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लावायला लावली. स्टूल सरकवलं. आणि उजवा हात, मोडलेला, दांड्याच्या मुठीवर ठेवला.

मी म्हटलं, "आई, त्या हाताने नको. मी सगळं माप डाव्यासाठी—"

"हा हात काय शोकेसमध्ये ठेवायचाय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून दिला.

दांडा सावकाश फिरायला लागला. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात त्यांनी मूठ एकदा नीट धरून घेतली. आटे बारीक होते, दांडा लांब होता. हात पुढे सरकत राहिला. डाव्या हाताने ताट फिरत गेलं. एक वेढा, दुसरा, तिसरा, आणि शेवटचं टोक त्यांनी नेहमीसारखं बोटाने कडेला चिकटवलं. चकली सुलट होती. त्यांनी पिठाचा कण चाखला आणि पाण्याचा हात लावायला सांगितलं. पुढच्या चकलीचे काटे जास्त उठून आले.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय. तेल तापलं का बघ."

ताट भरलं तेव्हा त्या थांबल्या आणि हात मांडीवर ठेवून बोटं उघड-मीट केली. एका घाण्यानंतर विश्रांती घ्यायची, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. सगळ्या घरांना पुरतील एवढ्या चकल्या एका दिवसात होणार नाहीत. दोन दिवस लागतील, असा हिशेबही त्यांनीच केला आणि मला उद्या ऑफिसमधून लवकर यायला बजावलं. दुसरं ताट लावायला मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू तळणाकडे बघ. इथे मध्ये येऊ नकोस."

विश्रांतीच्या वेळात त्यांनी फोन मागून घेतला. डाव्या हाताने नंबर लावला आणि उजव्या हाताने कानाला धरला. मैत्रिणीने फोन घेतलेला दिसला.

"ओक ट्री रोडला गेली होतीस का?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग जाऊ नकोस." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मीच. आणि कोण?" पुन्हा काहीतरी. "ते सांगेन मग, मोठी गोष्ट आहे. रविवारी येताना रिकामा डबा आण. लहान नको. तो मोठा, झाकणाचा."